लस, संशय आणि वसतिगृहप्रमुखाची सही

धागा. विषय अलीकडचा आहे. इतिहास म्हणजे किमान शंभर वर्षांपूर्वीचेच काही असावे असे मानणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. शंभर वर्षे मागेही जाऊ.

जुलै २००९. तेव्हाचा आंध्र प्रदेश, आजचा तेलंगण. गोदावरीकाठच्या खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एक नवी लस टोचण्यास आरंभ झाला. यांपैकी पुष्कळ मुली आदिवासी होत्या आणि घरापासून दूर, सरकारी वसतिगृहांत राहून शिकत होत्या. प्रत्येकीला सहा महिन्यांत तीन मात्रा द्यायच्या होत्या. पुढच्याच महिन्यात गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यातही हेच काम सुरू झाले. दोन्हीकडे मिळून वीस हजारांहून अधिक मुलींना लस मिळाली. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने सारे थांबवले. लस घेतलेल्यांपैकी सात मुलींचा मृत्यू झाल्याचे तोवर पुढे आले होते.

आपल्यापैकी अनेकांनी ही हकिगत फिरत्या संदेशांतून वाचलेली असेल : परदेशी कंपन्यांची लस, आदिवासी मुली, सात बळी. या तीन तुकड्यांपैकी पहिले दोन खरे आहेत. तिसऱ्याचे काय, आणि त्या तिसऱ्याच्या गोंगाटात नेमके काय ऐकू आले नाही, ते पाहण्यासाठी हा धागा.

आधी आजाराकडे वळू. १८४२ साली इटलीतील व्हेरोना शहरात दोमेनिको रिगोनी-स्टेर्न या वैद्याने ऐंशी वर्षांच्या मृत्युनोंदी तपासल्या. त्याला दिसले ते असे : गर्भाशयाच्या कर्करोगाने विवाहित स्त्रिया आणि विधवा मरतात, मठांतील जोगिणी मात्र या आजाराने क्वचितच दगावतात. निरीक्षण अचूक होते, पण त्यामागचे कारण सापडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९८३ आणि १९८४ मध्ये जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि त्यांतून काहींना कर्करोग होतो. या शोधासाठी त्सुर हाउसेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

येथे एक नोंद करून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडेल. १८ क्रमांकाचा विषाणू या संशोधकांना 'हेला' नावाच्या पेशींतही सापडला. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली काढलेल्या. त्या काढून घेताना तिची संमती कोणी विचारली नव्हती.

ब्रिस्बेनमध्ये इयन फ्रेझर आणि जियान झाऊ यांनी १९९१ च्या सुमारास या विषाणूचे रिकामे कवच प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. आत जनुकीय द्रव्य नाही, म्हणून संसर्गाची शक्यता नाही. शरीराला शत्रूचा केवळ चेहरा ओळखू यावा इतकेच. अशाच कवचांपासून मर्क कंपनीची 'गार्डासिल' ही लस तयार झाली आणि जून २००६ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ग्लॅक्सोची 'सर्व्हारिक्स' तिच्या मागोमाग आली.

आणि संशयही आला. देशोदेशी त्याचा पेहराव निराळा होता, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत रोचक वाटते. अमेरिकेत तो नीतीचा होता. लैंगिक संसर्गाची लस अकरा-बारा वर्षांच्या मुलीला द्यायची म्हणजे तिला स्वैराचाराची मुभा द्यायची, असा सूर धार्मिक पुराणमतवाद्यांनी लावला. टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी स्वतः त्याच गोटातले. पण फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी सहावीच्या मुलींना ही लस सक्तीची करणारा आदेश काढला. त्यांच्या कार्यालयाचा माजी प्रमुख मर्कसाठी लॉबिंग करत होता हे उघड होताच नीतीच्या आक्षेपाला पैशाच्या आक्षेपाची जोड मिळाली आणि काही महिन्यांतच विधिमंडळाने तो आदेश उलटवला. जपानमध्ये संशय वैद्यकीय भाषेत बोलला. तेथे एप्रिल २०१३ मध्ये लस नियमित लसीकरणात आली, वेदना आणि झटक्यांच्या तक्रारी दूरचित्रवाणीवर झळकल्या आणि अवघ्या दोन महिन्यांत सरकारने सक्रिय शिफारस मागे घेतली. सत्तर टक्क्यांच्या आसपास पोहोचलेले प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले. तक्रारींचा लसीशी कार्यकारण संबंध प्रस्थापित झाला नाही. तरीही शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडले.

भारतात संशयाचे मूळ आणखी तिसऱ्याच ठिकाणी होते. खम्मम आणि वडोदऱ्यातील काम 'पाथ' या अमेरिकन स्वयंसेवी संस्थेचे होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि दोन्ही राज्य सरकारे त्यात सामील होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा, लसी उत्पादक कंपन्यांनी विनामूल्य दिलेल्या. आंध्रात गार्डासिल, गुजरातेत सर्व्हारिक्स. प्रकल्पाला नाव होते 'प्रात्यक्षिक'. म्हणजे लस चालते की नाही हे तपासायचे नसून ती लोकांपर्यंत कशी पोहोचवता येईल हे पाहायचे आहे, असा दावा. हा नावाचा खेळ किरकोळ समजू नका. 'वैद्यकीय चाचणी' म्हटले की कायद्याने विमा येतो, दुष्परिणामांची काटेकोर नोंद येते, प्रत्येक सहभागीची लेखी व माहितीपूर्ण संमती येते. 'प्रात्यक्षिक' म्हटले की हे सगळे ऐच्छिक होऊन बसते.

२००९ च्या शरद ऋतूतच स्त्रीआरोग्यावर काम करणाऱ्या संघटनांनी सरकारला निवेदन दिले होते. मार्च २०१० मध्ये 'समा' या दिल्लीच्या गटाच्या कार्यकर्त्या भद्राचलमच्या परिसरात गेल्या, मुलींशी आणि पालकांशी बोलल्या. आपल्याला काय टोचले गेले हे कित्येकींना सांगता येत नव्हते. माकपच्या खासदार वृंदा करात यांनी प्रश्न लावून धरला आणि एप्रिलमध्ये प्रकल्प स्थगित झाला.

आता त्या सात मृत्यूंविषयी. या सात मुलींपैकी एक पाण्यात बुडाली, एक सर्पदंशाने गेली, दोघींनी कीटकनाशक प्राशन केले होते. उरलेल्या तिघी ताप वा अन्य आजारांनी गेल्याची नोंद आहे. केंद्राने नेमलेल्या चौकशी समितीने २०११ मध्ये निष्कर्ष काढला की या मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता दिसत नाही. सर्पदंशाचे खापर लसीवर फोडता येत नाही, हे उघडच आहे. शिवाय कोणत्याही वीस हजार मुलींचा गट काही महिने डोळ्यांखाली ठेवला तर त्यात दुर्दैवाने काही मृत्यू होणारच. खम्ममसारख्या दुर्गम, मलेरियाग्रस्त भागात अधिकच. 'लशीनंतर' आणि 'लशीमुळे' यांतले अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगायला नको. कालक्रम म्हणजे कारण नव्हे, हे आपण पहिल्याच वर्षाला शिकतो.

पण एवढ्यावर थांबून 'अफवा होती, संपले' म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. कारण त्याच चौकशीने आणि पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या ७२ व्या अहवालाने जे बाहेर काढले, ते अफवेहून गंभीर होते.

आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. २,७६३ पत्रांवर सही होती ती वसतिगृहप्रमुखांची.

हा आकडा सावकाश वाचावा. मुलगी अल्पवयीन, आईबाप डोंगरापलीकडच्या पाड्यावर, आणि सही त्या माणसाची ज्याच्या हाती तिचे जेवण, तिची खोली, तिची हजेरी. मुलींचा 'पालक' म्हणून त्याने सही करावी अशी सोय राज्य प्रशासनाच्याच परवानगीने झाली होती. मुलींचा विमा उतरवलेला नव्हता. गंभीर दुष्परिणाम घडलाच तर तो वेळेत कळावा, तज्ज्ञाने तपासावा, याची धड व्यवस्था नव्हती. म्हणजे सात मृत्यूंचा लसीशी संबंध नसावा हे आपल्याला कळते ते मागाहून, कागदपत्रांच्या आधारे. ते त्याच आठवड्यात कळायला हवे होते. संसदीय समितीची भाषा जहाल आहे. या प्रकल्पामागे उत्पादक कंपन्यांचे व्यापारी हितच होते, इथपर्यंत ती जाते. 'पाथ'ने हे आरोप फेटाळले. समितीचा हेतूविषयीचा निष्कर्ष मलाही पुराव्यापलीकडचा वाटतो. संमतीविषयीचा निष्कर्ष मात्र अचूक आहे.

आता आपण मागे जाऊ, कारण सही कोणाची हा प्रश्न २००९ मध्ये जन्मलेला नाही. १८६८ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा केला. उद्देश गोऱ्या सैनिकांना उपदंश-परम्यापासून वाचवण्याचा. साधन मात्र बायकांचे शरीर. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी करायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचे. पुण्यासारख्या छावण्यांच्या गावांत अशी इस्पितळे होती. सैनिकाची अशी तपासणी होत नसे. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण एक सवय मागे राहिली : लैंगिक आजार म्हटला की सरकारने स्त्रीला गाठायचे आणि तिला न विचारता गाठायचे. एचपीव्ही पुरुषांमुळेही पसरतो, त्यांनाही त्याचे कर्करोग होतात, आणि तरीही आपल्याकडची सारी चर्चा मुलींच्या दंडाभोवती फिरत राहिली, हे या पार्श्वभूमीवर पाहावे.

जाता जाता आणखी एक. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूविरुद्धची ही काही पहिली लस नव्हे. हिपॅटायटिस-बी त्या मार्गानेही पसरतो आणि त्याची लस आपण नवजात बालकाला देतो. त्यावर कोणाची नीती धोक्यात येत नाही. बाळाच्या मांडीत टोचली की लस निष्पाप आणि किशोरीच्या दंडात टोचली की संशयित!

विरोधकांचा एक मुद्दा असाही होता की लसीपेक्षा तपासणी बरी : गावोगाव स्त्रियांची चाचणी करा, कर्करोगाच्या आधीची अवस्था ओळखा, उपचार करा. या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ५२ समूह, चार गट. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी, चौथ्या गटाची नाही. एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे खम्ममच्या तीनच महिने आधी, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही-चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे. आयुष्यात एकदा चाचणी केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळले. पण ते कळावे म्हणून चौथ्या गटाला वाट पाहावी लागली. तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांत आधीच ठाऊक असताना हा गट कोरा ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. त्या स्त्रियांना माहिती दिली गेली होती, असे संशोधकांचे उत्तर. म्हणजे तपासणीच्या बाजूने बोलणारा पुरावा हाती घेतला तरी हात पुन्हा संमतीच्याच प्रश्नाला लागतो.

आणि आता या कथेतला तो भाग, जो संदेशांत कधीच येत नाही.

एप्रिल २०१० च्या स्थगितीचा आदेश केवळ 'पाथ'पुरता राहिला नाही. त्याच वेळी देशातील नऊ केंद्रांवर एक वेगळी, रीतसर चाचणी चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेची. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि पुण्याचे एक केंद्र तिच्यात होते. प्रश्न सरळ होता : तीन मात्रांऐवजी दोन पुरतील का? वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या होत्या. १७,७२९ घेऊन झाल्या होत्या. तेवढ्यात लसीकरण बंद. कोणाच्या तीन मात्रा झालेल्या, कोणाच्या दोन, आणि ४,९४९ मुली अशा की ज्यांना एकच मिळाली होती. चाचणीचा आराखडा कोलमडला.

संशोधकांनी मुलींचा माग सोडला नाही. वर्षे गेली. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली. विषाणू शरीरसंबंधातून येणारा, त्यामुळे गर्भाशयमुखाचे नमुने लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी घेतले जात. २०२१ मध्ये जवळपास दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात तीन मात्रांची परिणामकारकता ९३.३ टक्के, दोन मात्रांची ९३.१, आणि एकाच मात्रेची ९५.४. पहिली आलेली एक मात्राच आहे असे समजू नये, आकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने एकसारखेच आहेत. पण ज्यांचे लसीकरण 'अर्धवट राहिले' म्हणून हळहळ व्यक्त झाली, त्या मुली जवळजवळ पूर्ण सुरक्षित होत्या.

केनियातील एका चाचणीचा पुरावाही याच दिशेचा निघाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. खर्च आणि फेऱ्या वाचल्या. गरीब देशांना ही लस परवडण्याजोगी झाली त्यात बार्शी-पुण्याच्या मुलींचा वाटा आहे. आणि गंमत म्हणा वा विडंबना, त्या आदेशाचाही आहे जो लसीवरच्या संशयातून निघाला होता.

दरम्यान आपल्याकडे काय झाले? लस बाजारात होती, ऐपत असणाऱ्या घरांतल्या मुली ती घेत होत्या. सरकारी कार्यक्रमात ती येईना. पंजाबने २०१६ मध्ये दोन जिल्ह्यांत सुरू केली. सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यभर राबवली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोहोचवली. केंद्रीय पातळीवर हालचाल दिसताच २०१८ च्या जानेवारीत स्वदेशी जागरण मंचाने पंतप्रधानांना विरोधाचे पत्र लिहिले. आठ वर्षांपूर्वी वृंदा करात, आता स्वदेशी मंच. इतकी टोके एका प्रश्नावर एका बाजूला क्वचितच दिसतात. पण दोघांचा संशय एकच नव्हता. पहिला संशय विचारत होता, 'मुलीला आणि तिच्या आईबापांना विचारले का?' दुसरा बहुतांशी लसीच्याच उपयुक्ततेवर आणि परदेशी कंपन्यांवर रोखलेला होता. सार्वजनिक स्मृतीने दोन्ही एका पोत्यात भरले. त्यामुळे लसीचे समर्थक पहिल्याला अंधश्रद्धा म्हणू लागले आणि विरोधक दुसऱ्याला पहिल्याची पुण्याई चिकटवू लागले. २०२० च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात ७७ हजारांवर स्त्रिया या कर्करोगाने गेल्या. त्यांची छायाचित्रे कोणत्याही बाजूच्या संदेशात नसतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. परदेशी कंपन्यांचा आक्षेप तिच्यामुळे बराचसा निकालात निघतो. संमतीचा निघत नाही; वसतिगृहप्रमुखाने सही केली तर लस पुण्यात बनली की पेन्सिल्व्हेनियात, याने फरक पडत नाही.

खम्मम प्रकरणाचे एक अपत्य मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधार म्हणून वापरता येतो का, की त्याने संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होतो, असा पेच उभा राहिला. तो घटनापीठापुढे गेला. 'कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात मे २०१८ मध्ये निकाल लागला : अहवालाचा आधार घेता येईल, त्याच्या वैधतेला मात्र न्यायालयात आव्हान देता येणार नाही. विधीचे विद्यार्थी आज हा निकाल संसद आणि न्यायालय यांच्या सीमारेषेसाठी अभ्यासतात. त्याच्या तळाशी काही हजार संमतीपत्रे आहेत. ज्यांच्या नावाने ती भरली गेली त्या मुली आज पंचविशी ओलांडलेल्या आहेत, म्हणजे साधारण माझ्याच वयाच्या.

पुढच्या धाग्यात : मुंबईत १८९७ साली स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेणारे हाफकिन, आणि पाच वर्षांनी पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीमुळे घडलेला अनर्थ.